वाडा हलवू नका

यंत्र खोटं बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी गेवराईला विरुपाक्ष अप्पांच्या दुकानावरच्या खोलीत एकदा येऊन बसावं. तिथल्या पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार होते, सगळी कामं वेळेवर झालेली दिसत होती, आणि इकडे गोदावरीच्या काठाला सुग्रीव धनगराच्या मेंढ्या पाय झाडत मरत होत्या. ईश्वरी तो हिरवा पडदा बघत चहा पीत होती. चांगला झाला होता चहा, हेही तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं.

ईश्वरी ही अप्पांची मुलगी. अप्पांचं दुकान पेंडीचं, सरकीचं, दोरखंडाचं आणि जनावरांच्या औषधांचं. चकलांब्याकडचे धनगर दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन बाहेर पडायचे. मेंढ्या, घोडं, कुत्री, कोंबड्या, लेकरं असा सगळा पसारा मिळून एक वाडा. आज एकाच्या रानात बसला, चार दिवसांनी दुसऱ्याच्या. अशा माणसाला निरोप द्यायचा तर कुठे द्यायचा? तर अप्पांच्या दुकानात. कुणाचा वाडा कुठे आहे, हे अप्पांच्या डोक्यात असायचं. मेंढ्या आजारी पडल्या की निरोप दुकानात यायचा, अप्पा म्हणायचे, "डॉक्टरांना सांगा," आणि दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलला किक मारून बरोब्बर त्या रानात पोचायचे. "कोणते डॉक्टर?" असं त्या दुकानात कुणी कधी विचारलं नाही. डॉक्टर म्हणजे डॉक्टर.

मग अप्पांना झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणंही बऱ्यापैकी सुधारलं. डोक्यातले वाडे मात्र विस्कटले ते विस्कटलेच. एकाचा निरोप दुसऱ्याच्याच नावावर जाऊ लागला. एकदा डॉक्टर अर्धा दिवस रिकाम्या रानातून फिरून आले आणि दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलले. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवशी ईश्वरीनं ठरवलं, की पुण्याची नोकरी गेली खड्ड्यात, हे काम आपण यंत्राकडून करून घ्यायचं.

तिनं आणि प्रविणनं ते केलंही. प्रविण तिच्या कॉलेजातला, गेवराईचाच, कामाला वाघ आणि बोलायला कंजूस. त्यांनी एकच फोन नंबर काढला. वाड्यावरच्या माणसानं त्यावर फोन करायचा, आपल्या बोलीत दुखणं सांगायचं. यंत्र ते समजून घेणार, वाडा कुठे आहे ते फोनवरून ओळखणार, त्या भागात कामावर असलेला डॉक्टर शोधून त्याला कळवणार आणि उलट फोन करून धनगराला सांगणार, "डॉक्टर निघाले आहेत. वाडा आहे तिथंच ठेवा, हलवू नका." हे शेवटचं वाक्य ईश्वरीनं मुद्दाम घातलं होतं, कारण डॉक्टर पोचेपर्यंत वाडा उठून जायचा. आवाजही तिनं स्वतःचाच दिला. परक्या बाईचा गोड आवाज ऐकला की म्हातारी माणसं फोन ठेवून देतात, हे तिला माहीत होतं.

वाड्यावाड्यांवर जाऊन तिनं लोकांना समजावलं होतं. डॉक्टरांच्या बदल्या होतात, त्यांचे नंबर बदलतात, तुम्ही जुन्या नंबरला फोन लावत बसता. आता फक्त हा एक नंबर लक्षात ठेवा. सुग्रीवची बायको बायडाबाई हिच्या फोनमधले जुने डॉक्टरांचे नंबर तर ईश्वरीनं आपल्या हातानं पुसून टाकले होते. "कशाला पुसायलीस गं?" बायडाबाईनं विचारलं होतं. "मावशी, गोंधळ नको म्हणून," ईश्वरी म्हणाली होती.

वर्षभर सगळं छान चाललं. वाडे वाढले, परळी-धर्मापुरीकडचे लोकही नंबर मागू लागले, तेव्हा एका मशीनला ते झेपेना. मग भाड्यानं बरीच मशीनं घेऊन त्यांचं क्लस्टर करावं लागलं. त्यात प्रत्येक काम वेगळ्या कंटेनरात बंद. एक कंटेनर फोन उचलतो, एक बोलणं समजून घेतो, एक डॉक्टर शोधतो. हे कंटेनर तरी कसले, धनगरांचेच भाऊबंद. आज या मशीनवर, उद्या त्या मशीनवर. एक मेला की त्याच्या जागी दुसरा उठून उभा, आणि त्याचा पत्ता नवा. सुरुवातीला प्रविण एकमेकांचे पत्ते हातानं लिहून ठेवायचा. मशीन बंद पडून उठलं की पत्ते बदलायचे आणि बिचाऱ्याला पुन्हा सगळं लिहीत बसावं लागायचं. शेवटी त्यानं हात टेकले.

यावरचा उपाय जगजाहीर आहे. क्लस्टरमध्ये डीएनएस नावाचा एक जाणकार बसवायचा. कुणाला कुणाकडे जायचं असेल त्यानं फक्त नाव विचारायचं, आज त्याचा पत्ता काय ते हा जाणकार सांगणार. ईश्वरीला ही कल्पना कुणी शिकवायची गरजच नव्हती. अशा जाणकाराच्या मांडीवर बसून तर ती लहानाची मोठी झाली होती. तिनं हौसेनं ते काम स्वतःकडे घेतलं.

तिनं क्लस्टरमध्ये दोन घरं केली. एक सरावाचं, एक खरं. सरावाच्या घरात तिनं सगळं खोटंखोटं मांडलं. फोन उचलणारा, बोलणं समजणारा, आणि एक खोटा डॉक्टर-शोधक, ज्याला काहीही विचारा, तो म्हणायचा, "डॉक्टर निघाले." तपासायला सोपं जावं म्हणून तिनं तो तसा केला होता. सरावातला डॉक्टर कधी नाही म्हणायचाच नाही. आठवडाभर तिनं तपासलं, सगळं सुरळीत चाललं. मग तिनं खऱ्या घरात खरी मांडणी केली. एकच गोष्ट मागे राहिली. फोनची लाइन सरावाच्या घरातल्या फोन उचलणाऱ्याला जोडलेली होती. ती तिथून काढून इकडे जोडायची तर फोन कंपनीच्या मागे लागावं लागणार होतं. "राहू दे तिकडंच," ईश्वरी प्रविणला म्हणाली. "नावानं शोधायचंय ना? मग तो कुठं का बसलेला असेना."

फोन उचलणाऱ्याला तिनं शोधायला नाव दिलं होतं, नुसतं "डॉक्टर". अप्पांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला याहून जास्त काही लिहावंसं वाटलंच नाही.

त्या सोमवारी त्यांनी नवीन क्लस्टर चालू केलं आणि शुक्रवारी दुपारी मुंजाजी दुकानासमोर थांबला. मुंजाजी वाळूचा हायवा ट्रक चालवायचा. ती वाळू कुणाच्या परवानगीची होती हे विचारायची इथे कुणाची छाती नव्हती, पण नदीकाठच्या बातम्या त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नसत. प्रविण खाली बिस्किटाचा पुडा घ्यायला आला होता. मुंजाजीनं खिडकीतूनच आवाज दिला.

"काय बे प्रविण, तुमची मशीन झोपली का? सुग्रीवच्या मेंढ्या मरायल्यात की नदीवर. लई वास सुटलाय."

"त्याला डॉक्टर गेलेत," प्रविण म्हणाला. त्यानं सकाळीच पडद्यावर सुग्रीवच्या नावापुढे हिरवी खूण पाहिली होती.

"कोन गेलंय? मी रोज दोन खेपा करायलो तिथून. चिटपाखरू गेलं न्हाई."

प्रविण पायऱ्या दोन-दोन चढत वर आला. ईश्वरीनं चहाचा कप ठेवला आणि सुग्रीवचं नाव काढून पाहिलं. सोमवारी संध्याकाळपासून त्याचे फोन एकाखाली एक होते. प्रत्येकापुढे हिरवी खूण. प्रत्येकापुढे तेच वाक्य, डॉक्टर निघाले. पहिल्या फोनमध्ये सुग्रीव म्हणत होता, "दोन मेंढरांच्या नाकातून घान यायली, तोंडात फोड हायेत, हगवन लागलीय." पुढच्या फोनमध्ये त्याचा आवाज बारीक झाला होता. "ताई, डॉक्टर वाट चुकले का? आमी इथंच हाव. न्हाई हललो." त्यानंतरचे फोन ईश्वरीनं ऐकलेच नाहीत. तिची हिंमत झाली नाही.

तिनं डॉक्टर सत्यभामांना फोन लावला. नदीकाठचा भाग सहा महिन्यांपासून त्यांच्याकडे होता.

"मला सोमवारपासून तुमच्याकडून एकही निरोप नाही," सत्यभामा म्हणाल्या. "मला तर वाटलं, या आठवड्यात जनावरं ठणठणीत आहेत सगळी."

खरं तर चूक सापडायला फार वेळ लागलाच नाही. फोन उचलणारा सरावाच्या घरात बसला होता. त्यानं जाणकाराला विचारलं, डॉक्टर कुठे आहे? जाणकाराची रीत अशी, की नुसतं नाव विचारलं तर तो आधी विचारणाऱ्याच्याच घरात बघतो. सरावाच्या घरातही त्याच नावाचा डॉक्टर होता. त्याचा पत्ता जाणकारानं दिला. खोट्या डॉक्टरनं नेहमीप्रमाणे "निघाले" म्हटलं, आणि ईश्वरीचाच आवाज सुग्रीवच्या कानात म्हणाला, वाडा हलवू नका. कुठे काही बिघडलंच नाही, म्हणून कुठे लाल दिवा लागला नाही. सरावाचा डॉक्टर तिनं वेळेवर बंद केला असता, तर यंत्र निदान "सापडत नाही" म्हणून बोंबललं असतं. तिनं तो राहू दिला होता, लागेल पुन्हा कधी म्हणून.

"डॉक्टर"च्या पुढे खऱ्या घराचं नाव जोडायचं होतं. बस, एवढंच. प्रविणनं ते जोडलं आणि हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला. ईश्वरीला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला त्याची चूक तरी कुठे होती? तिला स्वतःची इतकी किळस आली की त्या खोलीत उभं राहवेना.

सत्यभामांनी त्यांची जीप दुकानासमोर आणली. मागे लशीचा थंड डबा होता. अप्पा गादीवरून उठून बाहेर आले.

"कुठं निघालात?"

"सुग्रीवकाकाकडं, अप्पा. मेंढ्या आजारी आहेत."

"सुग्रीव," अप्पा म्हणाले आणि कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवू लागले. जीप निघाली तरी ते तसेच उभे होते.

वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आली होती. सत्यभामा गाडी चालवता चालवता लक्षणं विचारत होत्या आणि ईश्वरी पहिल्या फोनमधलं ऐकलेलं सांगत होती. त्या ऐकत गेल्या तसा जीपचा वेग वाढत गेला.

"पीपीआर दिसतोय, शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग," त्या म्हणाल्या. "एकीचा दुसरीला लागतो. पहिल्या दिवशी कळलं असतं, तर चांगली जनावरं बाजूला काढून टोचली असती. निम्मा कळप तरी हाती लागला असता."

"आणि आता?"

"बघू." हे "बघू" डॉक्टर लोक कधी म्हणतात हे जगाला माहीत आहे.

वास खरंच लांबूनच आला. वाडा नदीच्या वरच्या अंगाला, एका नांगरलेल्या रानात बसलेला होता. जाळीच्या आत जेवढ्या मेंढ्या उभ्या होत्या, त्याहून जास्त बाहेर पडलेल्या होत्या. सुग्रीवनं त्या ओढून ओढून एका रांगेत लावल्या होत्या. कुत्री त्यांच्याकडे जात नव्हती. जाळीच्या आतल्या मेंढ्यांची तोंडं खाली, नाकपुड्या बुजलेल्या, मागचे पाय घाणीनं माखलेले. एक कोकरू मेलेल्या आईला ढुशा देत होतं, आणि बायडाबाई त्याला उचलून आणून पुन्हा पुन्हा दुसऱ्या मेंढीला लावत होती. ती मेंढी त्याला लाथ मारत होती.

"आल्या का डॉक्टर?" बायडाबाई उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "या. चहा टाकते."

"मावशी, चहा नको," ईश्वरी म्हणाली. मग ती एकदम बोलली. "मावशी, डॉक्टरांना निरोप गेलाच नव्हता. माझी चूक झाली. मशीन खोटं सांगत होतं. माझ्यामुळं झालं हे."

बायडाबाईला ते नीट कळलं नाही. "खोटं कसं? तूच बोलत होतीस की."

"तो भरलेला आवाज होता मावशी. मी नव्हते."

"तूच होतीस," बायडाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "ह्यांनी सोमवारीच म्हणलं, आजारी तेवढी इथं ठिवू, मी बसतो हितं, तू बाकीची घिऊन पल्याड जा. आमच्यात तसंच करत्यात. रोग शिरला की वाडा फोडायचा. मी म्हणलं, ईश्वरी हलू नका म्हणायली, डॉक्टर येऊन माघारी गेले म्हंजे? परत कोन येनार? म्हणून बसलो."

ईश्वरीनं हे ऐकलं आणि खाली बसली. नांगरटीची ढेकळं बोचत होती, तिला त्याचं भान नव्हतं.

"अप्पाला बी फोन केलता मी," बायडाबाई सांगत राहिली. "बुधवारी. ते म्हणले, निघाले म्हणती ना मशीन, मग येतीलच की. पोरगी बघती सगळं."

अप्पांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फोन ठेवताक्षणी विसरून गेले असणार. दुकानाच्या दारात उभे राहून ते हेच आठवायचा प्रयत्न करत होते, हे ईश्वरीला आत्ता समजलं, आणि ते त्यांना कधीच आठवू नये असं तिला वाटलं.

सत्यभामा बाही वर करून कामाला लागल्या होत्या. त्यांनी एकेक जनावर धरून डोळे पाहिले, तोंड उघडून पाहिलं, ताप पाहिला. सुग्रीव त्यांना जनावर धरून देत होता. हा उंच, वाळका माणूस, हाडं मोजून घ्यावीत असा. थंड डबा उघडलाच गेला नाही. थोड्या वेळानं सत्यभामांनी हात धुतले.

"लस आता यांना देऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत शिरलाय. सलाइन देते, अँटिबायोटिक देते. दहा-बारा जगतील कदाचित. मेलेल्या खड्ड्यात पुराव्या लागतील, चुना टाकून. आणि हे रान सोडू नका, इतर वाड्यांना लागेल."

"म्हंजे आता बी हलायचं न्हाई," सुग्रीव म्हणाला.

"नाही."

"बरं."

मुंजाजीनं ओळखीचा जेसीबी पाठवला. नदीत वाळू उपसायला आणलेला तो, आज त्यानं खड्डा खणला. जेसीबीचा दात मेंढ्या उचलायला लागला, तेव्हा सुग्रीवनं हात वर करून त्याला थांबवलं आणि एकेक मेंढी स्वतः उचलून खड्ड्यात ठेवली. काहींना तो नावानं हाक मारत होता. ईश्वरीही उचलायला पुढे झाली, तेव्हा त्यानं तिला अडवलं नाही. मेंढी मेल्यावर इतकी जड होते हे तिला माहीत नव्हतं. तिच्या कपड्यांना, हातांना ती घाण लागली, आणि ती लागली म्हणून काही बरं वाटलं असंही नाही.

तेवढ्यात प्रविणचा फोन आला. धर्मापुरीकडच्या एका वाड्यानं आत्ता फोन केला होता, तिकडच्या डॉक्टरला लगेच निरोप गेला, डॉक्टर निघालेसुद्धा. खरोखर निघाले, प्रविणनं स्वतः विचारून खात्री केली. "चालायला लागलं," तो म्हणाला. त्याला वाटलं, हे ऐकून तिला जरा बरं वाटेल. ईश्वरीनं "हं" म्हणून फोन ठेवला.

ऊन उतरायला लागलं. सत्यभामांनी औषधं समजावून सांगितली आणि त्या जीपकडे गेल्या. ईश्वरी सुग्रीवजवळ आली. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि जे तिच्या तोंडून आलं ते यंत्राबद्दलच आलं, याची तिला लाज वाटली.

"काका, बिघाड काढलाय आम्ही. आता डॉक्टरांना नीट निरोप जातो. तुम्ही कुठंही असा, वाडा कुठंही बसलेला असू द्या, आम्ही शोधून काढू."

सुग्रीवनं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, पोरीला फार लागलंय. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिच्या बापाच्या दुकानात त्यानं आयुष्यभर चहा प्यायला होता.

"न्हाई ताई, आता तेवढा ताप न्हाई तुमाला," तो म्हणाला. "दहा-बारा मेंढरांचा कुठं वाडा निघत असतो का? घोडं बी इकून टाकतो. चकलांब्याला घरीच हाव आमी आता. कवाबी या, तिथंच सापडताल."

हे त्यानं तिला धीर द्यायला सांगितलं.